सव्वा मूठ गहू

केळीचे खोके नेले, ही माझी पहिली चूक. शिरपूरचं घर आवरायला जायचं तर रिकामे खोके हवेत, आणि जळगावच्या फळबाजारात केळीचे खोके कुणीही देतं. मजबूत असतात, उचलायला बाजूंना भोकं असतात. पंचवीस-तीस खोके सुतळीनं बांधून घेतले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत मी शिरपूरला उतरले. माय ओट्यावर बसली होती. मी पहिला गठ्ठा आत नेला तेव्हा तिनं मान वर केली आणि पदर नाकाला लावला. मला वाटलं, धूळ उडाली असेल. धूळ नव्हती. रिकाम्या खोक्यालाही केळीचा वास असतो, आणि त्या घरात चौदा वर्षांत कुणी केळं आणलं नव्हतं, हे मला आठवायला हवं होतं.

भाऊ सावद्याला केळीच्या गाड्या भरायच्या कामावर होता. भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, भटू. आठवडाभर तिकडेच राहायचा, शनिवारी दुपारच्या एसटीनं घरी. तो दारात यायच्या आधी त्याचा वास यायचा. हिरवी पानं, ओली पोती, थोडं डिझेल, आणि या सगळ्याखाली केळीच्या चिकाचा तुरट वास. चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतसुद्धा नाही. धुतल्यावर काळा पडतो आणि मग जन्मात निघत नाही. भाऊचा एक सदरा धड नव्हता. माय रविवारी मोरीत बसून लिंबू चोळायची, रॉकेल चोळायची, शेवटी वैतागून म्हणायची, "हाऊ चीक शे का डांबर?"

"ऱ्हाऊ दे व माय," भाऊ खाटेवरून हसायचा. "डाग दखीसन वळखशी तू माले."

येताना तो केळीची एखादी फणी आणायचा, कच्चीच, आणि गव्हाच्या कोठीत खुपसून ठेवायचा. मी रोज कोठीत हात घालून एकेक केळं दाबून बघायची. शनिवारी तो आला की केळ्यांवरचे खड्डे मोजायचा आणि माझी वेणी ओढायचा. गव्हात पिकलेल्या केळ्याच्या सालीला गव्हाची भुकटी लागलेली असते, ती ओठांना लागते. ती चव मला नंतर कुठल्या केळ्यात सापडली नाही.

चौदा वर्षांपूर्वी तो एका गाडीबरोबर उत्तरेकडे गेला. वाटेतून फोन आला, शनिवारी येतो म्हणाला. तो शनिवार अजून यायचाच आहे. काय झालं, कसं झालं, ते मला विचारू नका. आम्ही विचारायचं कुणाला शिल्लक ठेवलं नाही. त्या शनिवारी मायनं चार भाकरी जास्त थापल्या आणि रविवारी सकाळी आम्ही तिघांनी त्यांचा कुस्करा खाल्ला, एवढं मला आठवतं.

दोन वर्षांनी आबा गेले, माझे वडील. मग घरात माय एकटी. मी जळगावला शाळेत शिकवते, माझा संसार तिकडे. यंदा माय मोरीत दोनदा पडली. आता तिला एकटी ठेवायची नाही, हे आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मीच.

मी टाकून देण्यात पटाईत आहे. शाळेतलं कपाट आवरायचं असलं की मलाच बोलावतात. दोन दिवसांत मी ते घर असं झोडपून काढलं की विचारू नका. कान तुटलेले कप, कसल्या तरी गोळ्यांच्या बाटल्या, बारा वर्षांच्या बारा दिनदर्शिका, पाट्यावर झिजून झिजून सपाट झालेला वरवंटा. माय खाटेवर बसून बघत होती. मी एकेक वस्तू उचलून दाखवायची, ती मान हलवायची, आणि तिनं मान कशीही हलवली तरी मी ती वस्तू ओट्याखालच्या ढिगावरच टाकायची. एकदाच ती बोलली.

"तुले आठे बठ्ठा कचराच दिखस. माले बी टाकी दे एखादा खोकाम्हान."

मी हसण्यावारी नेलं. तेव्हा मला फक्त टेम्पो दिसत होता. परवा सकाळी टेम्पो येणार, आणि अजून स्वयंपाकघर बाकी.

देवळीत एक चुरगळलेली पुडी सापडली. उघडली तर कापूस, पिवळा पडलेला. आबा जिनिंगमध्ये कामाला होते. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की ते घरी यायचे ते पांढऱ्या भुवया घेऊनच. कानांच्या केसांत, बंडीच्या शिवणीत, मिशीत, सगळीकडे तंतू. माय त्यांना ओट्यावर बसवायची, ओल्या पदरानं एकेक तंतू टिपायची आणि पुडीत ठेवायची. त्याच्या वाती व्हायच्या. आबांच्या कानातल्या कापसाच्या वाती आमच्या देवापुढे जळायच्या, आणि देवानं कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. बाहेर थंडी, चुलीत भाजलेल्या वांग्याचा वास, आणि आबा डोळे मिटून गप्प बसलेले. ती पुडी मात्र मी टाकली नाही. गुपचूप पर्समध्ये ठेवली.

यायला माय सहजी तयार झाली नव्हती. मी महिनाभर फोनवर हात धुऊन तिच्या मागे लागले होते. तिचं एकच म्हणणं होतं.

"तो उना तर कोठे जाई? कुलूपले इचारी का?"

"समोरच्या घरातल्या अक्का आहेत ना. त्या सांगतील."

"अक्का काय अमर शे का?"

शेवटी तिनं अट घातली. "भिताडवर तुना पत्ता लिखी दे. मोठा अक्षरम्हा. मंग येस मी." तेव्हा पहिल्याच दिवशी मी डबाभर निळा रंग आणला आणि दाराशेजारच्या भिंतीवर माझा जळगावचा पत्ता लिहिला, फळ्यावर लिहिते तसा, ठळक. मायला वाचता येत नाही. तिनं तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि प्रत्येक वेळी अक्षरांवरून बोट फिरवलं. रंग ओला होता, बोट निळं झालं. ते तिनं दिवसभर धुतलं नाही.

त्याच दिवशी दुपारी चुलतभाऊ येऊन कानबाईचा नारळ घेऊन गेला. कानबाई आमच्या कुळाची देवी, ती लेकीच्या घरी बसत नाही, ती भाऊबंदांतच राहायची. मायनं नारळाला हळद-कुंकू लावलं, नवा खण गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला बरं वाटलं, की चला, अवघड काम सोपं झालं.

श्रावणात कानबाई यायची तेव्हा आमच्या दोन खोल्यांचं घर नवं वाटायचं. सारवण, चुना, दारावर आंब्याची पानं. पण मला आठवतो तो आदल्या दिवशीचा गहू. माय डोक्यावरून न्हालेली, ओले केस पाठीवर मोकळे, समोर सूप. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू त्यात पडायचा. आधी एक भरगच्च मूठ, मग वरची पाव, तीन बोटांनी उचललेली. मूठ टाकताना ती मोठ्यानं म्हणायची, "घरधनीनी." मग, "भटूनी." सुपात गहू पडल्याचा तो आवाज. मी शेजारी उकिडवी बसलेली असायची.

"अन मनी?"

"तुनी तुना घर पडी."

पुढं माझं घर झालं, तिथंही कानबाई होती, पण मुठी तिथल्या पुरुषांच्याच पडल्या. असो.

त्या गव्हाचे रोट. ते खायचे घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. परक्याच्या तोंडी कण जाता कामा नये. दार लोटून जेवायचं, हात धुतलेलं पाणीही अंगणातल्या खड्ड्यात ओतायचं आणि वर माती लोटायची. भाऊ सात-आठ वर्षांचा असताना त्यानं खिडकीतून एक तुकडा चिमणीला टाकला. मी तेव्हा पाळण्यात होते, पण ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की ती चिमणी मी पाहिलीय असं वाटतं. मायनं त्याला फटका दिला आणि स्वतः दिवसभर उपाशी राहिली. भाऊ गाल चोळत म्हणाला होता, "चिमनी बी आपलीच भाऊबंद शे."

भाऊ गेल्यावरही त्याची मूठ पडत राहिली. आबा गेल्यावर तर सुपात ती एकच पडायची. आबांची आता घागर झाली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडं गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची नवी घागर भरतात, तहानलेल्यानं येऊन पाणी पिऊन जावं म्हणून. आबांची घागर, भाऊची मूठ, असं मायचं वर्ष चालायचं. भाऊ जाऊन बारा वर्षं झाली तेव्हा हाच चुलतभाऊ तिला म्हणाला, काकू, आता भटूचीही घागर भरायला हवी. त्या दिवशी मायनं त्याच्या घरी ताटाला हात लावला नाही आणि नंतर दीड वर्ष त्याच्याशी बोलली नाही. मला वाटायचं, चालू दे. सव्वा मुठीचे रोट करते, एकटी खाते, तिचं समाधान. मी लग्नानंतर कानबाईला त्या घरी कधी नव्हते. मी कधी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघर काढलं. मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर, पितळी डब्यांच्या मागे, एक पत्र्याचा डबा होता. झाकण गंजून बसलेलं. उलथन्यानं उचकटलं. आत निम्म्याहून जास्त गहू, वर कडुलिंबाचा वाळका पाला. हात घातला तर भुगा आणि सोंडे. निम्मे दाणे पोकळ. मला शिसारी आली. माय तेव्हा समोर अक्कांकडे चहा प्यायला गेली होती, मीच तिला पाठवलं होतं, मधे मधे नको म्हणून. मी डबा मागच्या दारी नेला आणि अंगणात उलटा केला. पारवे कुठून उतरले कोण जाणे. मग चिमण्या, मग पलीकडच्या कोंबड्या. पाच मिनिटांत अंगण साफ. मी डबा घासला, उन्हात पालथा घातला आणि पुढच्या कामाला लागले. वाया गेलं नाही, कुणाच्या तरी पोटात गेलं, असंही मला वाटलं होतं.

माय परत आली, पाणी प्यायली आणि मांडणीकडे बघत उभी राहिली.

"वरना डबा?"

"घासून ठेवलाय. घ्यायचाय का बरोबर?"

"त्याम्हाना गहू कोठे गयात?"

"अगं, किडलेले होते सगळे. पारव्यांना टाकले."

ती हळूहळू भिंतीला धरत मागच्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर बसली. अंगणात ऊन होतं आणि पालथा डबा होता. मी तिच्या मागून हाक मारली, तिनं मागे पाहिलं नाही. तेवढ्यात तिचा विसरलेला चष्मा द्यायला अक्का आल्या. मी त्यांना खुणेनं विचारलं, काय झालं हिला? त्यांनी डबा पाहिला, मला पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"बाई, तो भटूना गहू व्हता. दर कानबाईले मूठ मोजे नि त्याम्हान टाके. दळे नही. म्हने, खानार घर नही, मी कोनासाठे दळू? तो उना का बठ्ठा एकदम दळसूत."

चौदा मुठी. चौदा वेळा न्हाऊन, ओल्या केसांनी, नाव घेऊन. मी त्या भांडकुदळ पारव्यांपुढे ओतल्या, कोंबड्यांपुढे ओतल्या, आणि वर डबा घासला. मी मायशेजारी उंबऱ्यावर बसले आणि पहिल्यांदाच इतक्या वर्षांत मला तिच्याशी तिच्या बोलीत बोलावंसं वाटलं, पण तोंडात आली ती शाळेतलीच भाषा.

"माय, मला सांगायचं तरी. चुलतभाऊ नारळ घेऊन गेला, त्याच्याबरोबर का नाही दिलास?"

"नारळ कुळना शे. गहू त्याना व्हतात."

अंगणात एकही दाणा नव्हता, मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. फटीतही नव्हता. मग मायनं विचारलं,

"चिमन्या बी व्हत्यात का?"

"होत्या."

तिनं मान हलवली. तोंडाला पदर लावला नाही, रडली नाही, मला बोलली नाही. त्या दिवशी तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. ती उठली, खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी अक्कांनी खिचडी आणून दिली. ती तिनं निमूटपणे खाल्ली, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली.

टेम्पो आला. खोके चढले. खाट, मांडणी, कोठी अक्कांना दिली. सगळं निघाल्यावर भिंतींवर कॅलेंडरांच्या जागा तेवढ्या पांढऱ्या उरल्या. त्या रिकाम्या खोलीतही मला केळीचा वास येत होता. खोक्यांचा असेल. मी कुलूप लावलं. माय ओट्यावर उभी होती, अगदी त्या निळ्या पत्त्याच्या शेजारी. ती तो पुन्हा वाचून घेईल म्हणून मी थांबले. ती पायऱ्या उतरली आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. पत्ता नीट दिसतो का, रंग टिकेल का, काही विचारलं नाही. तिच्या बोटावरचा निळा डागही गेलेला होता. कधी धुतला, कळलं नाही.

जळगावला तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरी ती शहाण्यासारखी राहते. सांगितलेल्या वेळी जेवते, सांगितलेल्या गोळ्या घेते. शनिवारी दुपारी पूर्वी फोन करावा तर ती बोलायची नाही, कान दाराकडे असायचे. आता शनिवारी ती झोपते. मी शाळेतून येते तर ही शांत झोपलेली, तोंड किंचित उघडं. भाऊ गेल्याला चौदा वर्षं झाली असं लोक म्हणतात. माझ्या हिशेबानं तो त्या सकाळी गेला, मी डबा पालथा केला तेव्हा. तोवर त्या घरात तो होता.

आम्ही आल्यावर दहा दिवसांनी आखाजी. उन्हानं रस्ता नुसता पेटलेला. कोपऱ्यावर हातगाडीवर लाल घागरींची चळत लागली होती. मी पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दारातून म्हटलं,

"माय, आबांची घागर घेऊन येते."

ती खिडकीशी बसली होती. वळली नाही.

"दोन लई ये."

मी चप्पल काढली, पुन्हा घातली. जिन्याचे तीन मजले कशी उतरले ते मला ठाऊक नाही. गाडीवाल्या बाईनं घागर वाजवून दाखवली, मी दुसरीही वाजवून घेतली. चढताना दोन्ही काखांत दोन घागरी होत्या, कोऱ्या मातीचा वास येत होता आणि मी दर जिन्यावर टेकत होते.

मायनं न्हाऊन घेतलं होतं. केस ओले, पाठीवर मोकळे, आता अगदी विरळ. तिनं माझ्या स्वयंपाकघरातलं गव्हाचं पिंप उघडायला लावलं आणि पाटावर आबांच्या घागरीखाली चार दाणे पसरले, नेहमीसारखे. मग दुसऱ्या पाटाशी बसली. पिंपात हात घातला आणि मूठ भरली. भरगच्च. मुठीतून दोन दाणे सांडले, ते तिनं वेचून परत घेतले. ती मूठ पाटावर ठेवली. मग तीन बोटांनी वरची पाव. मला वाटलं, आता ती नाव घेईल. नाव तिनं घेतलं नाही. त्या गव्हावर तिनं घागर ठेवली, थोडी दाबून, हलू नये म्हणून, आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"तू भर. नाव ली भर."

माझ्या नावाची मूठ कधी कुठं पडली नाही, आणि आज हे काम माझ्याकडं. मी त्याला आयुष्यात कधी नावानं हाक मारली नव्हती. भाऊच म्हणायची. मी तांब्या तिरका केला आणि म्हटलं, "भटू." दुसऱ्यांदा म्हणता आलं नाही. कोरी घागर पाणी पिते, त्याचा बारीक चरचर आवाज येतो, तो आला. तीन तांबे झाले, चार झाले. पाणी गळ्यापर्यंत आलं तेव्हा मी हात थांबवला.

मायनं घागरीत वाकून पाहिलं.

"काठलोंग भर," ती म्हणाली. "दूरथीन ई राहिना तो."